दोन लाद्यांमधलं अंतर

२ फेब्रुवारी, रविवार

माझ्या सख्ख्या भावाची, नयनदादाची जुनी व्हॅन आज अंगणात आली. म्हणजे ओढून आणली. खालून पत्रा सडलाय, दरवाजा हातात येतो, पण इंजिन, दोन्ही अॅक्सल, चाकं, स्टीअरिंग ठणठणीत! मला तेवढंच हवंय. वरचं सगळं कापायचं, खाली नवी चौकट वेल्ड करायची आणि हे सामान तिच्यावर चढवायचं. बुटकी, उघडी गाडी. दार नाही, टप नाही. बाबांना व्हीलचेअरवरून सरकून थेट आत बसता आलं पाहिजे. नंबर नाही, पासिंग नाही — रस्त्यावर न्यायचीच नाही. फक्त आपला बांध.

दादा म्हणाला, "करिश्मा, भंगारवालापण हसेल तुला." हसू दे. दादा स्वतः काय करतो? गळ्यात चेन घालून फिरतो.

४ फेब्रुवारी

हा खटाटोप कशाला ते एकदा लिहून ठेवते. कंटाळा आला की वाचीन.

लकव्याने बाबांची डावी बाजू जाऊन चौदा महिने झाले. त्याआधी एक सकाळ अशी नव्हती की ते बांधावरून पलीकडे, खाडीकाठच्या शेतावर गेले नाहीत. आता खिडकीशी बसून असतात. जेवण दोन घास. कालपासून तर गोळ्याही नको म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देईन, जगायची हौस कुठून देऊ?" उचलून नेतो म्हटलं तर बाबा केवढ्याने ओरडले — "मानसाला खांद्याव एकदाच नेतात! मना आताच नको!"

म्हणून गाडी. पण बांधाच्या मधोमध उघाडी आहे, भरतीचं पाणी आतबाहेर करायची वाट. तिच्यावर आजोबांनी बैलगाडीसाठी टाकलेल्या दोन लांब दगडी लाद्या. एकेक जेमतेम वीतभर रुंद, मधे मोकळं, खाली पाणी. व्हीलचेअर मधल्या मोकळ्यात पडते. रिक्षाचं पुढचं चाक तिथेच पडतं. चार चाकांचीच गाडी हवी, आणि तिची चाकं बरोबर लाद्यांवर आली पाहिजेत.

पावसाळ्याआधी. मग बांधाचा चिखल होतो. आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत बाबा... नाही लिहीत.

५ फेब्रुवारी

मी काम करते त्या कळव्याच्या वर्कशॉपात शिवरामकाका म्हणून जुने टर्नर आहेत. त्यांना चित्र काढून दाखवलं. म्हणाले, "येडी आहेस काय? गाडी बनवण्यापेक्षा लादी सरकव ना! नाहीतर वर पत्रा टाक."

हो ना! अक्कल फक्त त्यांनाच आहे!

डावी लादी ठमा आत्याची आहे. बाबांची सख्खी धाकटी बहीण, राहते मागच्या आळीत. दादाच्या हळदीला तिचा मान चुकला. पहिली हळद आत्याने लावायची, तर डीजेच्या दणदणाटात दुसऱ्याच कोणी लावून टाकली. बाबा हसून म्हणाले, "पुसून परत लाव." आत्या हातातलं ताट ठेवून उठली ती उठलीच. नऊ वर्षं झाली. दोघं बोलत नाहीत. पुढे वाटणीत शेत अर्धं, बांध अर्धा, लादीसुद्धा एकेक! पत्रा टाकला तरी तो तिच्या दगडावर टेकणार. बाबा म्हणतात, "तिच्या दगडाला बोट लावायचा नाय."

दोघांना एकत्र बसवून थोबाडीत द्यावीशी वाटते.

९ फेब्रुवारी, रविवार

टेप घेऊन बांधावर गेले. उजव्या लादीच्या मध्यापासून डाव्या लादीच्या मध्यापर्यंत — एकशे छत्तीस सेंटिमीटर. आत्याच्या लादीवर टेपचं टोक धरलं तेव्हा उगीच इकडेतिकडे बघितलं. चोरी करत असल्यासारखं.

घरी येऊन व्हॅनची चाकं मोजली — एकशे पस्तीस. देव आहे! एक सेंटीचा फरक म्हणजे काहीच नाही. अॅक्सल आहे तसाच बसवायचा.

१६ फेब्रुवारी

चौकट झाली. हाताला चटके, केसांना वेल्डिंगचा वास. आई म्हणते, "या पोरीला बघायला कोण येणार?" म्हटलं, गाडी बघायला येतील.

२ मार्च

मागचा अॅक्सल बसला.

९ मार्च

पुढची चाकं, स्टीअरिंग. बाबांनी आज खिडकीतून विचारलं, "ब्रेक कुठं हाय?" पंधरा महिन्यांत पहिला प्रश्न! मी दाखवला. बाबा म्हणाले, "जवळ घे. तुजे पाय आखूड." संध्याकाळी अख्खी भाकरी खाल्ली. आई मोरीत जाऊन डोळे पुसून आली, आणि मला म्हणाली कांदा कापत होते.

२३ मार्च, रविवार

नाही लिहायचं आज. पण लिहिते.

बाबांना बांधाच्या तोंडाशी व्हीलचेअरवर बसवलं. नवा शर्ट घातलेला त्यांनी. आधी रिकामी गाडी पलीकडे काढून दाखवते म्हटलं. उजवं चाक लादीच्या आतल्या कडेवर आलं, डावं अर्धं हवेत. मी म्हटलं जाईल. नाही गेलं! सटकलं, आणि चौकट धाडकन दगडावर आपटली. दादाने दोरी लावून मागे ओढली.

आत्या तिच्या बाजूला गवत कापत होती. विळा हातात घेऊन उभी राहिली आणि बघत बसली. एक शब्द नाही! "लागलं का गो" एवढंही नाही! सख्खी आत्या! तिची पाठ वळेपर्यंत मला रडूही आलं नाही, इतका राग आला.

बाबा फक्त म्हणाले, "रहू दे. चल घरी." रात्री जेवले नाहीत.

२४ मार्च

सापडली चूक. सांगायचीही लाज वाटते.

लाद्या मोजल्या मध्यापासून मध्यापर्यंत. चाकं मोजली टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत! टायरची अख्खी जाडी फुकट धरली. चाकांचा ट्रॅक, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, टायरच्या मध्यापासूनच मोजतात, हे मला कोणी शिकवायला हवंय? परत मोजलं — एकशे वीस. सोळा सेंटी कमी! वर्कशॉपात मी मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी पोरांना झापते. आणि बापाच्या गाडीला सोळा सेंटी! घाई. दुसरं काही नाही. आणि आत्याच्या दगडावर टेप धरायची भीती. दुसऱ्यांदा मोजायला गेलेच नाही.

३० मार्च, पाडवा

दादाने गुढी उभारली. बाबांनी मान वळवून बघितलीही नाही. श्रीखंडाची वाटी तशीच.

शिवरामकाका सणाचे घरी आले, गाडीखाली झोपले, आणि एकही टोमणा न मारता म्हणाले, "मागचा अॅक्सल कापू नको. चाकंच बाहेर काढू." रिमच्या मधली डिश, नट बसतात ती थाळी, काढून चार सेंटी आत वेल्ड करायची, म्हणजे टायर तेवढा बाहेर येतो. आणि रिम आणि हबच्या मधे चार सेंटीची जाड चकती. एका बाजूला आठ, दोन्ही मिळून सोळा. बेअरिंगवर जोर येईल. पण आपल्याला कुठे हायवेवर पळवायचीय? सायकलच्या वेगाने दोनशे पावलं जायचं.

बाबांना सांगितलं नाही. एकदा तोंडघशी पाडलंय त्यांना, परत नाही.

५ एप्रिल

काकांनी लेथवर चकत्या काढल्या. किती झाले विचारलं तर म्हणाले, "तुझ्या बापाला पलीकडे ने, मग विचार."

९ एप्रिल

बाबा माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. कोणाशीच बोलत नाहीत. डोळे मिटून पडलेले असतात. मी पायाशी बसते. आज पाय चेपताना म्हटलं, "बाबा, अजून एकदा." डोळे न उघडता म्हणाले, "कशाला?" मी दुसरा पाय चेपायला घेतला.

१२ एप्रिल, शनिवार

चारही चाकं लागली. टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत चारदा मोजलं. दादाला मोजायला लावलं, आईलासुद्धा लावलं. एकशे छत्तीस! गाडी आता पाय फाकवून उभ्या बेडकासारखी दिसते. दिसू दे. वाळूच्या गोण्या टाकून अंगणात चार फेऱ्या मारल्या, कुठे कुरकुर नाही.

उद्या सकाळी. बाबा तयार नव्हते, आईने दटावलं. "पोरगी दोन महिने खपतेय, तुमी दोन मिनटं बसा नं!"

१३ एप्रिल, रविवार

बाबांना शेजारी बसवून उघाडीशी पोचलो. माझी चाकं एकशे छत्तीसवर, आणि लाद्या एकशे वीसवर! आत्याने उत्तमला, तिच्या मुलाला, हाताशी घेऊन काल पहारीने आपली लादी आठ बोटं आत सरकवलेली. त्या दिवशीचे आमच्या टायरचे ओरखडे बोटांनी मोजून. पलीकडे उभी होती, पदर खोचून.

बाबांनी लादी बघितली. चाक बघितलं. आणि वाकड्या तोंडाने, होता तेवढा जोर काढून ओरडले, "गो ठमे! कुनी सांगितला होता तुला? सरकव पाठी!"

"नाय सरकवत! तूच तुजी गाडी बारीक कर, दादूस!"

मी चाकाला टेकून पोटभर रडले. दुपारचा एक वाजलाय. दोघं अजून तिथेच भांडतायत, आई त्यांचं जेवण बांधावरच घेऊन गेलीय.