सिद्धांतावर चार मोर

माणगाव, ता. ८ जानेवारी

ती. हिरामणमामांना रुचिताचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण तीन दिवस ओणवं बसून रांगोळी काढल्याने कंबर धरली आहे, उभ्यानेच गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी पाठवलेली सुकट पोचली. डबा पिशवीतच असल्याने त्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. फार शांततेत काम झालं.

प्राध्यापकबाई सध्या काय करतात, असं तुम्ही फोनवर विचारलंत. सांगते. बंगळुरूच्या एका गणितसंस्थेने मला वर्षभर संशोधनाला बोलावलं आहे. दोनच आकारांच्या लाद्या घ्या, त्यांनी कितीही मोठं अंगण भरा, नक्षी फिरून तशीच कधी येणार नाही, अशी लाद्यांची एक नवी जोडी मी शोधली. सिद्ध करायला सहा वर्षं लागली. आमच्या प्राचार्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला बाथरूमच्या लाद्या बसवणारा चांगला माणूस विचारला. असो. रजेच्या अर्जावर शिफारस लागते, आणि पंधरा तारखेच्या आत होकार कळवला नाही तर जागा दुसऱ्याला जाते. शिफारस करायची विभागप्रमुखाने, म्हणजे अल्पेशने. हा माझाच विद्यार्थी. (अनंत म्हणजे "खूप मोठी संख्या" असं परीक्षेत दोनदा लिहून आलेला.) माझी नोकरी एकोणीस वर्षांची, त्याची सात. पण प्रमुख नेमताना बाईला घर असतं, असं आमच्या कॉलेजच्या मंडळाला वाटलं. अल्पेशला बहुधा घर नाही. बिचारा झाडावर राहत असावा.

अर्ज घेऊन गेले तर म्हणाला, तपासणी समिती येतेय, आधी पोर्चमधल्या रांगोळीचं बघा, भूमिती तुमचीच ना. मीही इरेला पेटले आणि वीस फूट लांबीचा सिद्धांतच काढायला घेतला. रंग भरायला सोबतीला आमच्या शिपाई जनीबाई होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चिमूट तशीच धरून थांबल्या.

"म्याडम, ह्याच्यात कायतरी हाय. मी मगाधरनं बगतंय, नक्षी परत येतच न्हाय."

मामा, सहा वर्षांत इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. जनीबाईंना वाटलं डोळ्यात रंग गेला, त्या पाणी आणायला धावल्या.

तीच गोष्ट तिसऱ्या दिवशी अल्पेशच्याही लक्षात आली. मी वर्गावर असताना त्याने "चूक दुरुस्त" करून घेतली. चारही कोपरे पुसून चार सारखे मोर काढले आणि मधोमध तुळशीवृंदावन. समितीने त्यासमोर उभं राहून फोटो काढले आणि विभागप्रमुखांच्या गणिती दृष्टीचं अहवालात कौतुक केलं. संध्याकाळी माझा अर्ज परत आला. वर लिहिलं होतं: रांगोळी व वेळापत्रक यांस पर्यायी व्यक्ती उपलब्ध नसल्याने शिफारस करता येत नाही.

मला कोणाचा वशिला नको. तुम्ही मंडळावर आहात म्हणून मी हे लिहितेय, असा गैरसमज कृपा करून करून घेऊ नका. पेणच्या मिठागरात बांधावर उभं करून तुम्ही मला वाफे मोजायला लावायचात आणि पोरगी तोंडी गुणाकार करते म्हणून गावभर सांगायचात. तेवढ्यासाठी मन मोकळं केलं, इतकंच.

तुमची भाची,
रुचिता

ता. क. अल्पेशला नेमलं त्या सभेचं इतिवृत्त काल जनीबाई झेरॉक्सला नेत होत्या. जाता जाता मला दाखवलं. त्याच्या नावाला अनुमोदन तुमचं आहे. खाली सही आहे, आणि तिच्यातला तो लांब शेपटीचा ह मी मिठागराच्या बांधावर तुमच्याकडूनच गिरवला होता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणखी ता. क. अर्जाची दुसरी प्रत सोबत जोडली आहे. विभागप्रमुखाने नाकारलं तरी मंडळाचा सदस्य शिफारस करू शकतो, नियम वाचला आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करा. बारा तारखेपर्यंत कागद आला नाही, तर इतिवृत्ताची एक झेरॉक्स मी मामींना नेऊन देईन. माझ्या एमएस्सीसाठी त्यांनी हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. तुमच्या गुडघ्याला रोज तेलही त्याच हातांनी लावतात.