निळ्या काठाची पांढरी साडी

पूनम सागर, मीरा रोड
१२ जून १९९४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी उत्तर धाडलं नाही, म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण आधी बातमी वाच. भाईंदरच्या ज्या भांड्यांच्या कारखान्यात मी वर्षभर मागच्या खोलीत टायपिंग करतेय, तिथल्या हितेशभाईंनी मला बाहेरच्या कामाला घ्यायचं ठरवलंय. स्टीलच्या भांड्यांचे नमुने बॅगेत घालून मुंबईतल्या हॉटेलांत, कँटीनमध्ये, हॉस्पिटलांत जायचं, भांडी दाखवायची आणि ऑर्डर आणायची. आजवर हे काम पुरुषच करत आले. दिवाळीपर्यंत मला बघणार. जमलं तर सेल्स ऑफिसर म्हणून कायम. नाही जमलं तर परत टाइपरायटर, आणि तोही मिळेलच असं नाही, कारण तिथे नवी मुलगी येऊन बसलीसुद्धा.

बोलायला मी घाबरत नाही, हे तुला सांगायला नको. माझं घोडं अडलंय कपड्यांपाशी. कपाटात आहेत कॉलेजचे पंजाबी ड्रेस, त्यातल्या एकाला आरसे लावलेले, आणि आईच्या लग्नकार्यातल्या जरीच्या साड्या. केबिन रोडला जाऊन ऑफिससाठी काहीतरी दाखवा म्हटलं, तर दुकानदाराने जे काढलं ते बघून बंटी म्हणाला की हे नेसून गेलीस तर भांड्यांपेक्षा तूच जास्त चमकशील. सख्खा भाऊ असा, मग परक्यांचं काय! आईचं म्हणणं, लोक काम बघतात, कपडे नाही. आई घरात असते, तिला काय माहीत लोक काय काय बघतात ते.

लहानपणी मे महिन्यात महाडला आले की तू पंचायत समितीत जायला निघालीस की मी नुसती बघत बसायचे. सकाळी घातलेल्या निऱ्या संध्याकाळी तशाच्या तशा परत यायच्या. ते कसं करतेस, मला शिकव. मला ही नोकरी हवीय, आत्या. फार हवीय.

घरच्या सगळ्यांचा जयभीम. माया तू लावतेसच, या खेपेला थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
प्रिया

महाड
२० जून १९९४

चि. संघप्रियास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्राखाली प्रिया अशी सही आहे. या नावाची भाची मला नाही. दुसऱ्या कोणाचं पत्र चुकून आलं असेल म्हणून परत करणार होते, पण अक्षर ओळखीचं निघालं. असो.

बातमी वाचून मी ऑफिसात पेढे वाटले. अजून काही झालं नाही तर पेढे कसले, असं एकाने विचारलं. त्याला म्हटलं, तुला खायचाय की नाही ते सांग.

आता कपड्यांचं. लोक काम बघतात हे वहिनीचं बोलणं खरं आहे, पण काम बघायला माणूस जवळ येईपर्यंत तो कपडेच बघत असतो. तेव्हा साड्या उपसत बसण्याआधी तुझा दिवस कसा जातो त्याचा विचार कर. तुमच्याकडे पावसात रस्ते नाहीत, नुसता चिखल. खांद्यावर जड बॅग. गिऱ्हाइकापुढे भांडं उचलून दाखवायचं. म्हणजे आधी चपला घे. मग परकर, मग ब्लाउज, आणि साडी सगळ्यात शेवटी. बायका नेमकं उलटं करतात आणि मग दिवसभर स्वतःलाच सावरत बसतात. चिखलात रबरी चपला घाल, चांगल्या पिशवीत ठेव, आणि कोणाच्या दाराशी पोचलीस की बदल. परकराला आतून खिसा शिवून घे. ब्लाउजचे रंग असे निवड की एकेक ब्लाउज दोन-तीन साड्यांवर खपून जाईल. झिरझिरीत, सुळसुळीत, चकचकीत काही नको. ड्रेस घातलास तरी माझी हरकत नाही, पण ओढणी बॅगेच्या पट्ट्यात अडकते आणि लक्ष तिच्यातच राहतं. ज्या कपड्याची दिवसभरात एकदाही आठवण होत नाही, तो कामाचा कपडा.

आणि आपण नटतोय की काय, असं मनात आलं तर ते काढून टाक. माझी आई, म्हणजे तुझी आजी, नवी नवरी असताना महाडच्या परिषदेला गेली होती. आपल्या बायकांनी लुगडं आखूड नेसायचं अशी तेव्हाची रीत. त्यावरून लांबूनच जात कळायची. बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की नीट पायघोळ नेसा. आई घरी आली ती पायघोळ नेसूनच. गावाने नाकं मुरडली, बरंच काही झालं, पण आईने लुगडं पुन्हा वर घेतलं नाही.

तुझे बाबा, म्हणजे आमचा वाल्मिक, पुढच्या महिन्यात इकडे येणार आहे. त्याच्याबरोबर माझी निळ्या काठाची पांढरी साडी पाठवते. ती मी माझ्या लग्नात नेसले, हेड क्लार्क झाले त्या दिवशी नेसले, बुद्ध पौर्णिमेला तर नेसतेच. ज्या दिवशी खरंच मोठं काम असेल, त्या दिवशी नेस.

उत्तर लवकर येऊ दे, आणि खाली नाव पुरतं लिही. शाई कमी पडत असेल तर तीही पाठवते.

तुझी आत्या,
वैजयंता

पूनम सागर, मीरा रोड
२१ ऑगस्ट १९९४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

एक वाईट बातमी आहे. तू वारलीस. म्हणजे आमच्या ऑफिसात तरी. मंगळवारी सगळ्यांनी उभं राहून तुझ्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. मीही पाळली, काय करणार!

नीट सांगते. तुझ्या सांगण्याप्रमाणे चपलांपासून सुरुवात केली. ब्लाउज सुगंधाताईकडे शिवायला टाकले. ती जुन्या भाईंदर गावातली कोळीण, तोंडाने फटकळ पण हाताने सोन्यासारखी. तिने मला आधी पातेलं डोक्यावर धरायला लावलं आणि मग माप घेतलं. तिचं म्हणणं पडलं की बाजारच्या ब्लाउजात हात वर करायला जागाच न्हाय, बायांनी काय नुसतं हाताची घडी घालून बसायचं हाय काय. काखेत तिने वेगळा तुकडा जोडलाय, तो बाहेरून दिसतही नाही. साड्या घेतल्या आमसुली, राखाडी आणि गडद निळी. पहिल्या दोन आठवड्यांत एका कँटीनची ऑर्डर आणली, मग एका हॉटेलची. धावपळ अशी होती आत्या, की मला आरशात बघायलाही वेळ होत नव्हता. म्हणजे कपडे बरोबर जमले होते.

मंगळवारी एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरासाठी भेट ठरली होती. हितेशभाई स्वतः बरोबर येणार होते. याहून मोठं काम कोणतं, म्हणून तुझी पांढरी साडी नेसले. कडक इस्त्री, निऱ्या तुझ्यासारख्या. ऑफिसात पाऊल टाकलं आणि सगळे एकदम गप्प झाले. हितेशभाईंच्या आई, त्यांना सगळे बा म्हणतात, त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, पदराला हात लावला आणि डोळे पुसले. मला काही उमजेना. मी आपलं सांगितलं की साडी आत्याची आहे. झालं! बांना हुंदकाच फुटला. त्यांच्यात घरात मयत झालं की बाई अशी पांढरी साडी नेसते, हे माझ्या डोक्यात येईपर्यंत हितेशभाईंनी हॉस्पिटलला फोन करून भेट पुढे ढकललीसुद्धा. आमच्या मुलीकडे दुःख झालंय म्हणाले. बा तर आता रोज सकाळी तुझ्या नावाने कबुतरांना ज्वारी घालतायत.

आणि मी तोंड उघडलं नाही. आमच्याकडे लग्नात पांढरी नेसतात, असं म्हटलं असतं तर आमच्याकडे म्हणजे कोणाकडे, हेही सांगावं लागलं असतं. हितेशभाईंना संघप्रिया हे नाव गिऱ्हाइकांसाठी लांब वाटलं, म्हणून पहिल्याच दिवशी मी प्रिया झाले. आडनाव पगारपत्रकात आहे, पण गमरे म्हणजे कोण, हे त्यांना कुठून कळणार? मीही बरंच झालं म्हणून गप्प राहिले. त्या दिवशी उभी होते ना शांतता पाळत, तेव्हा मला तुझीच फार लाज वाटली, म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायची.

तुझाही राग आला. महाडात पांढऱ्या साडीचं कौतुक सगळ्यांना ठाऊक. इथे माझी फजिती झाली ती झाली, वर हॉस्पिटलची ऑर्डर दुसरा कोणी नेईल आणि दिवाळीला माझं काय होईल ते वेगळंच. साडी घडी करून ट्रंकेत ठेवली आहे. परत पाठवू का?

वारल्यावर लोभ ठेवता येतो की नाही माहीत नाही. येत असेल तर ठेव.

तुझी,
सं. प्रिया

महाड
२८ ऑगस्ट १९९४

चि. संघप्रियास,
आपण स्वर्ग मानत नाही, म्हणून महाडहूनच आशीर्वाद.

मी गेल्याचं कळलं. वाईट वाटलं, बाई चांगली होती. तुमच्या ऑफिसने दोन मिनिटं शांतता पाळली, इथे माझं ऑफिस माझ्यासाठी अर्धा मिनिट गप्प बसत नाही. बांना माझा नमस्कार सांग आणि ज्वारी बंद करू नका म्हणावं. कबुतरांनी काय घोडं मारलंय?

साडीची चूक माझी. दिवस कसा जातो त्याचा विचार कर असं तुला मीच शिकवलं, आणि ती साडी कोणते डोळे बघणार आहेत याचा विचार मीच केला नाही. आपल्या वस्तीत राहून राहून माणसाला वाटतं की सगळं जग असंच आहे. तेवढी मला माफी दे.

नावाची चूक मात्र तुझी. तुझ्या आजीने लुगडं पायघोळ केलं, आणि तू नाव आखूड केलंस. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. भीती मला कळते. माझ्या पहिल्या ऑफिसात माझ्यासाठी वेगळा पेला ठेवला होता, कोणी काही बोलत नव्हतं, नुसता ठेवला होता. पण लपवलेलं नाव म्हणजे टाचणी न लावलेला पदर. तो धरून ठेवण्यात तुझा एक हात कायम अडकणार, आणि तुला दोन्ही हात भांड्याला हवेत. उद्या नोकरी कायम झाली तर ती प्रियाची होईल. ती कोण, मला माहीत नाही.

साडी परत पाठवू नकोस. नेसायची की नाही, ते तुझं तू ठरव. मला मात्र जिवंत कर. ते तुझ्याशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही.

वाट बघतेय. मेल्या माणसाला वाट बघण्याशिवाय दुसरं काम नसतं.

आत्या

पूनम सागर, मीरा रोड
६ नोव्हेंबर १९९४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू बाबांना फोन केलास, ते कळलं. काहीतरी सांगण्यासारखं घडल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

तुला मी जिवंत केलं. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात हितेशभाईंच्या केबिनमध्ये गेले. आमसुली साडी नेसले होते. त्यांना सांगितलं की माझी आत्या महाडला ठणठणीत आहे, आम्ही बौद्ध आहोत, माझी आई पांढऱ्या साडीत लग्नाला उभी राहिली, आणि माझं नाव संघप्रिया आहे. त्यांनी आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाले की हे आधी सांगायला हवं होतं, आणि हॉस्पिटलवाल्यांना आता काय सांगू, बांना काय सांगू. बांना मीच सांगितलं. आधी त्या रागावल्या, एवढी ज्वारी गेली म्हणून. मग त्यांनी विचारलं की तुमच्यात मयताला कोणता रंग नेसतात. म्हटलं, तेव्हाही पांढराच. त्यांना हसू आलं. तुमची एकच साडी सगळीकडे चालते, आमची कपाटं उगीच भरली, म्हणाल्या.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. पॅकिंगमधली एक बाई तेव्हापासून डबा घेऊन लांब बसते. बसू दे. माझी सुकटीची चटणी मलाच पुरते.

हॉस्पिटलची भेट ऑक्टोबरात पुन्हा मिळाली. कोणती साडी नेसू, हे मी कोणाला विचारलं नाही. तुझी पांढरी काढली. निघताना बा दारात उभ्या होत्या, हातात वाटी. पांढऱ्या साडीतल्या मुलीच्या हातावर त्यांनी दही-साखर ठेवली, आणि हितेशभाई बघतच राहिले. हॉस्पिटलात निर्णय होता मेट्रनबाईंच्या हातात, आणि त्याही अंगभर पांढऱ्या! माझ्याकडे बघून त्यांनी आधी खुर्ची दिली. मग त्यांना मोठ्या पातेल्याचं बूड बघायचं होतं. मी ते दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. सुगंधाताईच्या ब्लाउजने साथ दिली, पदर जागचा हलला नाही. बाईंनी नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं. त्यांनी ते नीट उच्चारलं, लांब वगैरे काही वाटलं नाही त्यांना.

ऑर्डर मिळाली. दिवाळीला मला कायम केलं, नावाची कार्डंही छापून दिली. सुगंधाताईला सांगितलं तर म्हणाली की आता तिचं नाव पण छाप कुठंतरी.

कार्डं छापताना हितेशभाईंनी विचारलं की मिस प्रिया ठेवायचं का. एक कार्ड सोबत पाठवतेय. बघ.

माया अशीच राहू दे. रागावणंही सोडू नकोस.

तुझी भाची,
संघप्रिया वाल्मिक गमरे

महाड
१४ नोव्हेंबर १९९४

चि. संघप्रियास,
आशीर्वाद व जयभीम.

पाकीट लवू पोस्टमनने हातात दिलं, ते मी दारातच फोडलं. कार्ड हातात धरून आधी तुझं नाव वाचलं, मग वाल्मिकचं, मग आपलं आडनाव, आणि खाली सेल्स ऑफिसर. मला रडू आवरेना. लवू बिचारा घाबरला, पिशवी खाली ठेवून त्याने विचारलं की बाई, कोण गेलं. मी त्याला सांगितलं की कोणी गेलं नाही, आमची एक मुलगी पोचली.

येत्या बुद्ध पौर्णिमेला महाडला ये. ती साडी आता तुझीच, नेसून ये. मी नवी घेईन.

तुझी जिवंत आत्या,
वैजयंता