स्वाकोपमुंडला भेटलेला नाफ्ताली

आई,

स्वाकोपमुंडच्या समुद्राकाठी गेस्ट हाऊसमध्ये उतरले आहे. सकाळी कॉफी घेऊन आला तो आपला धाकटा, नाफ्ताली. बोट बुडाली म्हणून ज्याची रिकामी शवपेटी आपण पुरली, तोच.

माझ्या हातून कप पडला. तो तुकडे वेचू लागला.

“आई अजून तुझं ताट वाढते रे.”

“वाढू दे, ताई. मेल्यापासून मला तिचा मार बसला नाही.”

तुझा मार आम्ही सगळ्यांनीच पाहिला होता.

तुकडे घेऊन खोलीतून निघताना त्याने विचारलं, “तिचे गुडघे दुखतात का अजून?”

“दुखतात.”

“गरम वाळूने शेकत जा. पण मी सांगितलं म्हणू नकोस.”

मी त्याला शब्द दिलाय. म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही.

तुझी,
लाहिया