पिवळा पट्टा आणि मी

सोमवार, ९ तारीख
हॉस्पिटलात ॲडमिट. छातीत धडधड, बाकी तब्येत ठणठणीत. सिस्टरने डाव्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. म्हणे, पडण्याचा धोका असलेल्या पेशंटला बांधतात. मला! आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली मी. वय, चक्कर, रक्त पातळ करणारी गोळी, अशी कारणं तिने ऐकवली. डोक्यावर पडलात तर रक्तस्राव थांबायचा नाही, म्हणाली. मान डोलावली. शनिवारी डिस्चार्ज, रविवारी नातीची शर्यत. उगाच वाद कशाला.

मंगळवार, १०
खाटेवरून उतरायचं तर बेल वाजवायची, असा नियम. शेजारच्या खाटेवरचे काका चष्मा खाली पडला तरी बेल वाजवतात. माणसाने इतकं भित्रं असू नये. पट्ट्यावर घड्याळ चढवलं. संकल्प: रोज वॉर्डात फेऱ्या.

बुधवार, ११
फेऱ्या नाहीत. जरा उठलो की गादीखालचा अलार्म कोकलतो. बायकोने न घसरणाऱ्या चपला आणल्या. अगदीच आजारी माणसाच्या दिसतात. खाटेखाली ढकलल्या. माझ्या जुन्या स्लिपर बऱ्या. तळ गुळगुळीत झालाय, पण पायाला सवय आहे.

गुरुवार, १२
शोध लागला. अलार्मला माणूस नको, वजन हवं. उठता उठता कपड्यांची बॅग गादीवर सरकवली. यंत्र गप्प. एकटा बाथरूमला जाऊन आलो. किंचित भोवळ आली, पण ती जेवण बेचव असल्यामुळे.

शनिवार, १४
डाव्या हाताने लिहितोय. काल पडलो असं म्हणता येणार नाही, फरशी ओली होती. अलार्म वाजला नाही, कारण त्याच्या हिशोबाने मी गादीवरच होतो. हाक मारायची लाज वाटली. शेवटी शेजारच्या काकांनी बेल दाबली आणि कोणी येईपर्यंत सोडलीच नाही. उजवं मनगट मोडलं. स्कॅनमध्ये डोक्यात रक्त साकळलेलं दिसलं, नशिबाने थोडंच. डिस्चार्ज रद्द, खाटेवरून हलायला बंदी.

रविवार, १५
नात शर्यतीहून थेट इकडे आली. मध्येच पडली म्हणे, गुडघा फुटला. हात वर केला, बाईंनी उठवलं, मग उरलेलं पळाली. माझ्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाली, "आजोबा, तुम्ही का नाही कुणाला बोलावलं?"
बायकोला पट्ट्यावरचं घड्याळ काढायला सांगितलं. मग बेल वाजवली आणि सिस्टरकडे बेडपॅन मागितलं.