नवस हाउसफुलचा

३ ऑगस्ट, शनिवार
बँकॉकहून वितरकाचा फोन. नवा भुताचा पिक्चर गुरुवारी माझ्या थिएटरात लागणार आणि त्याच दिवशी मोबाइलच्या अॅपवरही येणार. मी हसलो. भुताचा पिक्चर घरी एकट्याने बघायची या गावात कुणाची छाती आहे? बाल्कनीसुद्धा झाडून घेतली.

५ ऑगस्ट, सोमवार
ग्रामदैवताला, चाओ फोला, नवस बोललो. गुरुवारी हाउसफुल होऊ दे, तुझ्यासमोर पडदा लावून हाच पिक्चर दाखवतो. देवाला पिक्चरचा भारी नाद, म्हणून इथे नवस फेडायचा तो देवळात पिक्चर दाखवून. नवस कुणाचाही असो, पडदा आजवर माझाच. चंतिमाही सोबत होती. डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागत होती. नवऱ्यासाठीच मागत असणार. गुणी बायको.

८ ऑगस्ट, गुरुवार
पहिल्या खेळाला कुणी नाही. पावसामुळे असेल. (पाऊस नव्हता.) दुसऱ्याला वीरायुत न्हावी आला, तो एसीत झोपायला. वर म्हणतो, दादा, सकाळीच मोबाइलवर पाहिला, ती भिंतीआडची बाई म्हणजे हिरोची आईच! शेवट फोडला मेल्याने. याच्या लग्नात मी लाउडस्पीकर फुकट दिला होता.
संध्याकाळचा खेळ रद्द करून घरी. चंतिमाने गरम भात वाढला. फार खुशीत होती. माझं दुःख हलकं करायची तिची पद्धत.

९ ऑगस्ट, शुक्रवार
सगळं गाव फितूर. तिकीटवाली नोईमावशी खिडकीत बसून मोबाइलवर तोच पिक्चर बघत होती! ओरडलो, तर म्हणाली, हळू, भूत येतंय.
सकाळी चंतिमाच्याही कानात मोबाइलची बोंडं होती. म्हणाली, भिक्खूंचं प्रवचन ऐकतेय. प्रवचनात बायका किंचाळतात हे मला नवीन.

११ ऑगस्ट, रविवार
ठरलं. माणसं बेइमान, देव नाही. हाउसफुल झालं नाही तरी उद्या नवस फेडणार. आगाऊ. देवापुढे पडदा बघून गाव शरमेल आणि रांग लावेल.

१२ ऑगस्ट, सोमवार
पडदा, खांब, प्रोजेक्टर घेऊन देवळात गेलो. देवासमोर भला मोठा टीव्ही! पुढे नैवेद्याची लाल सरबताची बाटली, आणि चालू तोच पिक्चर. पुजारी सनानकाका म्हणाले, हळू बोल बाबा, देव बघतोय.
टीव्ही कुणी आणला, विचारलं. म्हणाले, तुला नाही ठाऊक? चंतिमाने. नवस पावला ना तिला.
कसला नवस?
काकांनी नजर चुकवून तिचं मागणं सांगितलं: थिएटर ओस पडू दे आणि माझा नवरा एकदा तरी संध्याकाळी घरी जेवायला येऊ दे.
एकाच घरातले दोन नवस, आणि देवाने तिचा घेतला! उन्हापावसात मी त्याला पिक्चर दाखवले ते कशासाठी? रडूच आलं. काकांना म्हटलं, नवस फेडायचा तर रिवाजाप्रमाणे पडद्यावर तरी फेडायचा.
काका म्हणाले, पडदा लावायचा तर तुलाच सांगावं लागलं असतं.
तेही खरंच. गावात पडदा फक्त माझ्याकडे आहे.