पोचवायचं गाणं

पिंपरगुडा, उटनूरच्या वरल्या अंगाले
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

वच्छलाअक्काले उद्धवचा पाया पडून नमस्कार.

किनवटाकडं तुमी सगळे बरे असाल, दाजींचे गुडघे ऊन पडल्यापासून सुधारले असतील, असं धरून लिहून राह्यलो. इकडं कापसाची शेवटची वेचणी उरकली. नागोबाची जत्रा झाली, मी गेलो नाही. सुनयना बोथहून दर शनिवारी येते, पीठ आणि औषध ठेवून जाते. पोरीचा सासरचा पसारा मोठा, तरी बापाकडं लक्ष ठेवते.

तू फोन करते आणि मी उचलत नाही, म्हणून तू रागावली असशील. गुड्यावर टॉवर नाही, असं सुनयनाले मीच सांगाले लावलं होतं. टॉवर आहे.

आता मोठी खबर. वामनराव पटेल गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाही. त्याईच्या बापाले आपल्या बापानं गाऊन पोचवलं होतं, तू ल्हान होती तेव्हा. गोंडाच्या घरी माणूस गेला की आपण परधानानं तीन तारांची किकरी घेऊन जायचं, त्या घराण्याच्या पूर्वजांची नावं गाऊन मेलेल्याले त्याईच्या हवाली करायचं. तोवर तो उंबऱ्यावरच बसून राहते, असं बाप म्हणे. वामनरावाले पोचवणं माझ्याकडं होतं.

त्याईचा पोरगा अमर बोलवाले आला. ‘काका, उद्या या. बाबा तुमचीच वाट पाहून राह्यले.’ मी मान हलवली. गळ्याभोवती मफलर होता, त्याले वाटलं थंडीचा असेल.

अक्का, लिहितोच आता. दिवाळीनंतर नागपुरात माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याले भोक आहे, त्यातूनच श्वास घेतो. चूल फुंकता येत नाही, पुठ्ठ्यानं वारा घालतो. तुले सांगितलं नाही, कारण तू लगेच फोन लावून ‘बोल, बोल’ म्हणाली असती, आणि मी नुसता ऐकत राह्यलो असतो.

तरी मी गेलो. काऊन गेलो ते माझं मलेच कळत नाही. घरात बसून राहवलं नाही. अंगणात सगळे जमले होते. किकरी लावली, गज फिरवला, सुरुवातीचा सूर नीट लागला. आवाज उचलायची जागा आली. मी पुन्हा फिरून सुरुवातीपाशी आलो. पुन्हा ती जागा आली. लोक माझ्या तोंडाकडं पाहत होते.

‘काका, गळा बसला का?’ अमरनं विचारलं. मी मफलर काढला.

मग अमरनं मोबाइल काढला. चुलतबहिणीच्या लग्नात त्यानं माझं गाणं भरून ठेवलं होतं. पोराच्या मनात वाईट नव्हतं. फोटोपुढं मोबाइल ठेवला आणि माझाच आवाज अंगणात घुमला, चांगला भरदार. माझा हात आपसूक त्याच्या मागं गेला. तेव्हा मले जे झालं ते लिहिता येत नाही.

अमरच्या आईनं, मथुराबाईनं, हात वर केला. ‘बंद कर ते, अमर. हे लग्नाचं हाये.’ मग मले म्हणाली, ‘उद्धव, तुयावर राग नाई. पण हे अर्धंच झालं. हे तसेच बसून राहतील.’

दुसऱ्या गुड्यातला गाणारा आणा, असं कोणी म्हणालं. पण त्या घराण्याची नावं दुसऱ्याले येत नाहीत. मले येतात, आणि तुले. बाप मले अंगणात शिकवे, तू आत डाळ पाखडे. मी चुकलो की तूच आतून नाव सांगे.

बायकांनी हे कधी गायलं नाही, मले ठाऊक आहे. म्हणून आधी मथुराबाईलेच विचारलं. पाटीवर लिहिलं, अमरनं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘वच्छला येते काय, तेवढं इचार.’

तर विचारतो. होळीच्या आधी येशील?

तुझा भाऊ,
उद्धव


पिंपरगुडा
शुक्रवार, ६ मार्च २०२६

अक्काले नमस्कार.

तू सुखरूप पोचल्याचं सुनयनाकडून कळलं. दाजींना सांग, होळीच्या गडबडीत तुले पाठवलं, त्याईचे उपकार आहेत.

तू गात होती तेव्हा मी मागं होतो, तुझं तोंड दिसलं नाही, पाठ तेवढी दिसली. दोन म्हातारे उठून गेले ते तूही पाहिलं. ते लिंबाखाली जाऊन बसले, पण घरी गेले नाहीत, शेवटपर्यंत ऐकत होते. वामनरावाच्या आज्याच्या नावापाशी तू अडकली, तेव्हा मले तोंडानं सांगता येईना. तोच सूर घासत राह्यलो. मनात म्हणत होतो, घाई नाही अक्का, रात्रभर घासीन. मग तुले नाव सापडलं, आणि मथुराबाई पहिल्यांदा रडली. इतके दिवस तिच्या डोळ्याले पाणी नव्हतं. तिनं दिलेलं लुगडं तू घडी मोडून बसमध्ये नेसूनच गेली, ते बरं केलं.

काल अमर आला होता. खालच्या गुड्यात एक म्हातारी गेली, त्या घरचे लोक विचारत होते, अक्का येतील काय? मले वाटलं होतं, वाईट वाटेल. थोडं वाटलं. मी मान हलवली.

तू इथं होती तेव्हा तूच बोले, तूच उत्तर देई, तूच हसे. आता घरात भांडं ठेवल्याचा आवाज तेवढा होतो. संध्याकाळी किकरी काढतो, सूर लावतो, आणि आवाज उचलायच्या जागी थांबतो. कोणी उचलत नाही. पुन्हा ठेवून देतो.

खालच्या गुड्याचं कधी जमते ते कळव. मी तयार आहे.

तुझ्या मागं बसून वाजवणारा,
उद्धव