गोठ्यामागची चूल आणि डोहाळ्याचे झिंगे

१८ फेब्रु., बुध.
आज वैशालीने शेवटी तोंड उघडलं! चौथा महिना लागलाय आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. त्यात आमच्या डोंगरकडा गावात घरोघर हळद शिजायला लागलीय, सगळीकडे तो एकच वास. बिचारी नाकाला पदर लावून फिरते. आईने केलेल्या भाकरीचाही वास चालेना. संध्याकाळी खत-बियाण्याचं दुकान बंद करून घरी आलो तर मोबाईल पुढे धरला. "अहो, हे खाऊ वाटून राहिलं मला." रील होतं. लसूण, बटर, झिंगे, पास्ता, दहा मिनिटांत तयार. सारखं तेच लावून बघते म्हणे.
झिंगे! आमच्या घरात! आई माळकरी. वै. नांदेडची, गोदावरीचे मासे खाऊन वाढलेली, पण लग्नाला सहा वर्षं झाली, या घरात तिने कधी नाव काढलं नाही. म्हणालो, आणतो. म्हणालो खरं.

१९ फेब्रु., गुरु.
डॉ. मॅडमकडे. वजन पुन्हा उतरलं. पुढच्या गुरुवारी काटा बघणार, तोवर असंच राहिलं तर नांदेडला भरती. "जे जाईल ते खाऊ द्या, फक्त नीट शिजवून." सहा वर्षं वाट बघितलीय आम्ही. मला भीती वाटतेय, इथे लिहायला काय हरकत आहे.
घरी येऊन आईला सांगून टाकलं. ती डाळ निवडत होती. हात न थांबवता एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली,
"डोहाळा पुरवला न्हाई तर लेकराचा कान फुटतो."
"पण तुझी माळ?"
"माळ माझ्या गळ्यात हाय, तिच्या न्हाई. गोठ्यामागं चूल मांड. घरातलं एक भांडं तिकडं जाऊ द्यायचं न्हाई. अन् पुढच्या शुक्रवारी एकादशी हाय, त्याच्या आत काय ते उरकून घे."
मी उडी मारायचा तेवढा राहिलो!

२१ फेब्रु., शनि.
नांदेड. पास्ता मिळाला, लांब शेवयांसारखा. बटरची वडी. नवी कढई. आमच्या गावातल्या दुकानदाराला विचारलं होतं तर त्याने मॅगी पुढे केली.
परत आल्यावर दोस्ताला, बालाजीला गाठलं. रानात मटण शिजायचं म्हटलं की आचारी तोच, आणि त्याच्या हाताला नाव ठेवणारा अजून जन्मला नाही. विचारलं, झिंगे कसे शिजवतात रे? म्हणाला, "त्यात काय इचारायचं? तीन शिट्ट्या काढ. न्हाईतर कच्चं राहतंय." आपला कुकरही दिला. मॅडमनीही नीट शिजवूनच म्हटलंय. झालं तर मग!

२२ फेब्रु., रवि.
सकाळी इसापूर धरण. जाळी नुकतीच निघाली होती. केवढाले झिंगे! पिशवीत उड्या मारत होते. गाडीवर मी गाणं म्हणत आलो.
गोठ्यामागे तीन दगड, वर कुकर. झिंगे, लसूण, बटर, पास्ता, तांब्याभर पाणी, सगळं एकदम. बालाजी शेजारी उकिडवा बसून शिट्ट्या मोजतोय. तिसरी झाली. झाकण काढलं.
काय सांगू. पास्त्याची खळ झालेली, पोस्टर चिकटवावीत अशी. झिंगे म्हणजे सायकलच्या ट्यूबचे तुकडे. बालाजीने एक चावला, चावत राहिला, म्हणाला, "अजून एक शिट्टी पायजे होती."
वै.ने बघितलं आणि हसायला लागली. किती दिवसांनी! हसता हसता डोळ्यांत पाणी. मग एक घास खाल्ला आणि उलटी. मीच म्हशीपाशी जाऊन बसलो, रडायला आलं होतं. ती मागून आली. "मटण समजलात व्हय त्याला? तेवढा वेळ कोन शिजवतंय? फिरून आणा. या बारीला मी बसते चुलीपाशी."

२४ फेब्रु., मंगळ.
दुकान बंद ठेवून धरणावर. जाळीच टाकली नव्हती कुणी. हात हलवत परत. वै. दिवसभर लिंबू-पाण्यावर. तेही अर्धं बाहेर. परवा गुरुवार.

२५ फेब्रु., बुध.
मिळाले!! रविवारपेक्षा लहान, पण मिळाले. बटरची वडी मात्र संपलेली. चूल पेटवून विचार करत होतो, तर गोठ्याच्या कोपऱ्यावरून आईचा आवाज, इकडे न बघता. "म्हशीचं लोणी काढलंय ताजं. इथं ठिवते. कशात टाकायचं ते मला सांगू नको." द्रोणात मोठा गोळा. परत जाताना पदराने डोळे पुसले, की चुलीचा धूर होता, कळलं नाही.
वै. खाटेवर बसून हुकूम सोडत होती. पास्ता वेगळा उकडा. निथळा. लोण्यात लसूण टाका, लाल होऊ देऊ नका. आता झिंगे. ते टाकले आणि लगेच रंग बदलायला लागला, शेपट्या आत वळल्या. "काढा!"
"अगं पण कच्चे राहिले तर? मॅडम म्हणाल्या..."
"काढा म्हणते ना! शिजले ते. नांदेडची हाय मी."
एक तोडून बघितला. आतपर्यंत पांढरा. काढले. पास्ता घातला, वरून कोथिंबीर, लिंबू.
तिने खाल्लं. ताटली पुसून खाल्लं! मी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होतो. म्हणाली, असे बघू नका, घास अडकून राहिला. मीही चाखला. आई शप्पथ, काय चव! बालाजीला बोलवायचं राहिलंच.
तासभर वाट बघितली. नाही झाली उलटी. नाही झाली!!

२६ फेब्रु., गुरु.
सकाळपर्यंत सगळं पोटात. आणि उठल्या उठल्या वै. स्वयंपाकघराच्या दारात उभी. "आत्याबाई, भूक लागली. भाकरी टाकता का एक?"
आईने परात ओढली. पीठ मळायला बसली. तव्याऐवजी सारखी वै.कडेच बघत होती. भाकरी एका बाजूने पार काळी झाली. आईची करपलेली भाकरी मी जन्मात पहिल्यांदा बघितली. वै.ने तीही खाल्ली, वर दुसरी मागितली.
आता मॅडमकडे. बालाजी त्याची गाडी घेऊन दारात उभा आहे, हॉर्न वाजवतोय. इतक्यात वजन किती वाढणार, माहीत नाही. आई फाटकापर्यंत आली, वै.च्या कानाशी लागली, पण मला ऐकू आलं.
"काट्यावर चपला घालूनच चढ गं माय."